दुमाने सिस्टरची भिंत

सबस्टेशनच्या भिंतीवर एकच ट्यूबलाइट,
तेहतीस केव्हीची घुमणारी घूं,
आणि तासातासाला रजिस्टरात भरायचे आकडे.
दोन आकड्यांच्या मधे जो वेळ उरतो
त्यात मी पाखरं पाहतो.

बायको म्हणते, दिव्यावरची पाखरं काय पाहायची,
भाजीत पडतात ती.
बरोबर आहे तिचं.
एकदा दाखवलं होतं एक, पंखांवर दोन डोळे असलेलं.
"हे तर माझ्याकडेच पाहून राहिलं जी," म्हणाली,
आणि कूस बदलली.

म्हणून ग्रुप.
सत्तेचाळीस माणसं,
डीपीत कोणाचा देव, कोणाचं लेकरू, कोणाची मोटरसायकल.
वणीचे एक पेन्शनर फोटो पडल्याबरोबर
लॅटिन नाव सांगतात.
आम्ही अंगठा दाखवतो आणि विसरतो.

हेमलता दुमाने, नर्स, मालेवाडा.
तिचीही ड्यूटी रात्रीची.
आज तिच्या भिंतीवर जे बसतं
ते दोन दिवसांनी माझ्या भिंतीवर येतं,
मधे वैनगंगा आहे, तरी.

यांना मराठीत नावं नव्हती. आम्ही ठेवली:
चुलीतली राख. फाटकी दहाची नोट.
एक ओल्या पोपटी रंगाचं, ते नवरदेवाची मावशी.
"असं का?"
"लग्नात पाहा ना जी."
पेन्शनर लिहितात, कृपया शास्त्रीय नाव वापरावे.
दोन दिवस ती गप्प.
तिसऱ्या रात्री एक मळकट, रागीट मिशांचं,
खाली एकच शब्द: पेन्शनर.
मी इतका हसलो की तीनचं रीडिंग राहिलं.

तिचा बाप आरमोरीला कोसा पाळायचा.
"उकळत्या पाण्यात टाकायचे कोष. मीही टाकले जी.
आता नुसती पाहते."
याच्यापलीकडे तिचं घरदार मला ठाऊक नाही.
भिंत ठाऊक आहे.
फिक्की निळी, खिडकीपासून निघालेली भेग
पुढे दोन फाटे फुटलेली,
स्विचबोर्डाखाली जांभळ्या औषधाचा डाग,
पोलिओच्या पोस्टरचा न निघालेला कोपरा.
आणि एक पाल, शेपटी तुटलेली,
फोटोमागून फोटोत थोडी थोडी वाढत गेलेली.

एका रात्री फोटो हललेला आला.
ग्रुपवर नाही, मला.
खाली: बाळ नाही वाचलं.
मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं.
मग बाहेर जाऊन भिंतीवर जे होतं त्याचा फोटो काढला,
साधं मातकट, रोजचं. पाठवलं.
बऱ्याच वेळानं आलं,
"हे आपल्याकडेही आहे."
मग परत,
"आहे ना."

फाल्गुनात पुतण्याला मुलगी पाहायला
कुरखेड्याकडे गेलो होतो.
परतताना गाडी मालेवाड्याला वळवली,
का ते स्वतःला विचारलं नाही.
भर दुपार. रिकामी बाकं. एक शिपाई.
"सिस्टर आरमोरीले गेल्या, सुट्टीवर."
बरं, म्हटलं, आणि भिंतीपाशी गेलो.
भेग फोटोतल्यापेक्षा रुंद निघाली, बोट जाईल इतकी.
जांभळा डाग माझ्या खांद्याच्या उंचीवर,
म्हणजे ती माझ्याहून ठेंगणी असावी,
किंवा नसेलही.
"बांधकाम खात्याचे का तुम्ही?" शिपाई म्हणाला,
"लिहून घ्या मग. पावसाळ्यात गळते."
मी खिशातल्या पावतीच्या मागे
खरंच लिहून घेतलं.

उन्हातल्या रिकाम्या भिंतीचा फोटो काढला,
एकही पाखरू नाही, नुसती निळी.
रात्री ड्यूटीवर बसल्यावर पाठवला.
एक वाजून चाळीस मिनिटं.
टायपिंग दिसलं, थांबलं, परत दिसलं.

"सांगायचं ना जी. झाडून ठेवली असती."

आणि लगेच खाली:
"पाल होती का?"

दोनचं रीडिंग भरलं,
सही केली,
मग उत्तर लिहायला घेतलं.